आठवीच्या गणिताचे २३१ तास

१९९४-९५ या शैक्षणिक वर्षात जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतल्या २३१ वर्गांत कॅमेरे लागले. जर्मनीत १००, जपानमध्ये ५० आणि अमेरिकेत ८१. इयत्ता सगळीकडे आठवी, विषय गणित, आणि प्रत्येक शिक्षकाचा एकच तास. वर्ग नमुना-निवडीच्या पद्धतीनं निवडलेले होते. नावाजलेल्या शाळा किंवा पुरस्कार मिळालेले शिक्षक मुद्दाम हुडकलेले नव्हते. शिक्षकांना एवढंच सांगितलेलं होतं, की त्या दिवशी जे शिकवायचं ठरलं होतं तेच शिकवा.

तोवर देशादेशांच्या शिक्षणाची तुलना म्हणजे मुलांच्या गुणांची तुलना, असंच गणित होतं. इथं पहिल्यांदाच राष्ट्रीय पातळीवरचा नमुना घेऊन कॅमेरा शिक्षणाच्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे, म्हणजे चालू तासाकडे वळला. या प्रकल्पाचे प्रमुख होते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स स्टिगलर. या चित्रफितींतून जे हाती आलं ते गुणांच्या कोणत्याही तक्त्यात सापडण्यासारखं नव्हतं. पण त्याआधी हे तक्ते आले कुठून, ते पाहू.

आधी मोजली गेली मुलं

१९५८ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात युनेस्कोच्या शिक्षणसंस्थेत काही शिक्षणतज्ज्ञ जमले. स्वीडनचे टॉर्स्टेन ह्युसेन आणि शिकागोचे बेंजामिन ब्लूम ही या चळवळीतली पुढची नावं. त्यांचा विचार साधा होता. एखाद्या देशात सगळीच मुलं सहाव्या वर्षी शाळेत जात असतील, सगळ्यांना एकच पुस्तक आणि सारखेच तास असतील, तर यांपैकी कशाचा काय परिणाम होतो हे त्या देशात राहून कळणारच नाही. शेजारचा देश मात्र मुलांना सातव्या वर्षी शाळेत घालतो. म्हणजे सगळं जगच एक प्रयोगशाळा आहे; नोंदी नीट ठेवल्या की झालं.

या विचारातून १९६४ साली पहिला आंतरराष्ट्रीय गणित अभ्यास झाला. त्यात जपान, इस्राएल, फिनलंड, इंग्लंड, अमेरिका असे १२ देश होते. क्रमवारी लावणं हा संशोधकांचा हेतू नव्हता, पण निकाल हाती येताच वर्तमानपत्रांनी लावली ती क्रमवारीच. जपान वरच्या टोकाला आणि अमेरिका खालच्या टोकाला, ही बातमी झाली. याच अभ्यासात पुढे फार उपयोगी पडलेली एक कल्पना होती, ती मात्र बातमीत आली नाही. परीक्षेतलं उदाहरण मुलांना मुळात शिकवलं गेलं होतं का, हा प्रश्न शिक्षकांना विचारला गेला होता. 'शिकण्याची संधी' असं या मापाचं नाव. गुणांतला बराचसा फरक या संधीच्या फरकाशी जुळत होता.

१९७०-७१ मध्ये सहा विषयांचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात विज्ञान आणि वाचन या विषयांपुरता भारतही होता. त्यानंतर भारत या मांडवातून जवळजवळ बाहेरच राहिला. इतर देशांची संख्या मात्र वाढत गेली. १९९५ च्या 'टिम्स' या गणित-विज्ञान अभ्यासात ४० हून अधिक देश आणि पाच लाखांहून जास्त मुलं होती. आठवीच्या गणितात सिंगापूर ६४३ गुणांनी पहिलं, त्यामागे कोरिया ६०७, जपान ६०५, हाँगकाँग ५८८. अमेरिका ५०० वर होती.

या आकड्यांबद्दल एक गैरसमज आधी दूर करायला हवा. बोर्डाच्या परीक्षेत मिळतात तसे हे गुण नसतात. प्रश्नसंच इतका मोठा असतो, की एका मुलाला तो सगळा सोडवणं शक्य नाही. म्हणून तो पुस्तिकांत वाटतात. एका मुलाच्या वाट्याला एक पुस्तिका, शेजारच्याला दुसरी, आणि दोन्हींत काही प्रश्न सामाईक. सगळी उत्तरं एकत्र करून संख्याशास्त्राच्या मदतीनं देशाची पातळी काढली जाते. त्यामुळे अमुक एका मुलाला नेमके किती गुण पडले, हे या चाचणीतून सांगता येत नाही. मोजमाप देशाचं असतं. त्यालाही त्रुटीची मर्यादा असते, म्हणून सहाव्या आणि नवव्या क्रमांकांतला फरक पुष्कळदा अर्थहीन ठरतो.

स्टिगलर या विषयाकडे वळले होते ते त्याआधीच. हॅरॉल्ड स्टीव्हन्सन यांच्याबरोबर त्यांनी अमेरिकेतलं मिनिॲपोलिस, जपानमधलं सेंदाई आणि तैवानमधलं तैपेई या शहरांतली प्राथमिक शाळेतली मुलं तपासली होती. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत एक बोचरी नोंद होती: गणितात सर्वांत वर असलेल्या अमेरिकी पाचवीच्या वर्गाची सरासरी सर्वांत खाली असलेल्या जपानी वर्गापेक्षाही कमी होती. गंमत म्हणजे मुलांच्या प्रगतीवर सर्वाधिक समाधानी असलेल्या आया अमेरिकेतल्याच होत्या. यश उपजत हुशारीवर अवलंबून असतं, याकडे त्यांचा कल अधिक होता. जपानी आणि तैवानी आयांचा भर मेहनतीवर होता. पण आईची समजूत मुलाच्या वहीत कशी उतरते? मधे वर्ग आहे, शिक्षक आहे. तिथं काय चालतं?

बांध सरळ करा, जमीन कमी-जास्त न होता

चित्रफितींतला जपानी भूमितीचा एक तास पुढे जगभर दाखवला गेला. सुरुवातीला शिक्षक आदल्या तासाची उजळणी घेतात: दोन समांतर रेषांमध्ये, एकाच पायावर उभे असलेले सगळे त्रिकोण सारख्या क्षेत्रफळाचे असतात. शिरोबिंदू कुठंही सरकवा, पाया आणि उंची तीच राहते. मग ते फळ्यावर एक आकृती काढतात. दोन शेजाऱ्यांच्या जमिनी आणि मधला बांध वाकडा, एका ठिकाणी कोपरा काढून गेलेला. प्रश्न असा: हा बांध सरळ करायचा आहे, पण कोणाचीही जमीन तसूभर कमी किंवा जास्त व्हायला नको. कसा कराल?

बांधावरून कोर्टात पिढ्या गेलेल्या आपल्या मुलखात हे उदाहरण कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही. जपानी शिक्षक आधी मुलांना अंदाजानं रेष मारायला लावतात. नंतर तीन मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं विचार करायचा. त्यानंतर ज्यांना सोबत्याशी बोलायचंय त्यांनी बोलायचं, ज्यांना शिक्षकांना विचारायचंय त्यांनी त्यांच्याकडे जायचं, आणि ज्यांना सूचना हवी त्यांच्यासाठी सूचनापत्रं ठेवलेली. शिक्षक बाकांमधून फिरतात, वह्या पाहतात, एखाद्याला विचारतात, 'यात समांतर रेषा कुठं मिळेल?' उत्तर मात्र सांगत नाहीत.

उत्तर असं: वाकड्या बांधाची दोन टोकं जोडा. टोकं आणि कोपरा मिळून एक त्रिकोण झाला. आता कोपऱ्यातून त्या जोडरेषेला समांतर रेष काढा. ती जमिनीच्या कडेला जिथं मिळेल तिथं कोपरा सरकवला, की पाया तोच आणि उंची तीच. म्हणून क्षेत्रफळही तेच आणि बांध सरळ. समांतर रेष दोन्ही कडांना मिळते, म्हणून उत्तरंही दोन. मुलं फळ्याजवळ येऊन आपापली रीत मांडतात. त्यानंतर शिक्षक एक पायरी वर नेतात: आता एका चौकोनाचं तेवढ्याच क्षेत्रफळाच्या त्रिकोणात रूपांतर करा. अख्ख्या तासात प्रश्न दोनच, पण दोन्ही एकाच कल्पनेवर उभे.

अमेरिकी तासांचा साचा वेगळा होता. आधी गृहपाठ तपासायचा, मग व्याख्या: पूरक कोन म्हणजे काय, विरुद्ध कोन म्हणजे काय? शिक्षक एक-दोन उदाहरणं करून दाखवतात आणि मग मुलं तशीच पुष्कळ उदाहरणं कागदावर सोडवतात. मूल अडलं की शिक्षक लगेच पुढची पायरी सांगून मोकळे. जर्मन तास याहून वेगळा. तिथं गणित अवघड, सिद्धतेकडे झुकणारं; पण फळ्यापाशी शिक्षक उभे आणि एकेक पायरी मुलांना विचारत सिद्धता तेच पुढे नेणार.

संशोधकांनी हे तास मिनिटा-मिनिटानं मोजले. मुलं जेव्हा आपलं आपण काम करत असतात, त्या वेळातला किती भाग सांगितलेल्या रीतीच्या सरावात जातो? अमेरिकेत सुमारे ९६ टक्के, जर्मनीत ८९, जपानमध्ये ४१. स्वतः नवी रीत शोधण्यात किंवा विचार करण्यात किती? जपानमध्ये ४४ टक्के, जर्मनीत ४, अमेरिकेत एक टक्क्याहूनही कमी. तासात आलेल्या संकल्पना नुसत्या सांगितल्या गेल्या, की उलगडून दाखवल्या गेल्या? उलगडण्याचं प्रमाण जपानमध्ये ८३ टक्के, जर्मनीत ७७, अमेरिकेत २२. काही तासांची लेखी वर्णनं देशाची ओळख पुसून गणिताच्या जाणकारांपुढे ठेवली गेली. त्यांच्या मते 'उच्च' दर्जाचं गणित असलेला एकही तास अमेरिकेच्या वाट्याला आला नाही.

दिसत नाही अशी सवय

स्टिगलर आणि त्यांचे सहकारी जेम्स हीबर्ट यांनी १९९९ मध्ये 'द टीचिंग गॅप' हे पुस्तक लिहिलं. त्यात आकड्यांपेक्षा महत्त्वाचा एक मुद्दा आहे. एकाच देशातल्या शिक्षकांमध्ये जेवढा फरक आढळला, त्याहून दोन देशांच्या शिकवण्यातला फरक कितीतरी मोठा होता. कोणी अनुभवी, कोणी नवखा, कोणी हसरा, कोणी करडा. तरी अमेरिकी तास अमेरिकी वळणाचाच आणि जपानी तास जपानी वळणाचा. याचा अर्थ शिकवणं ही व्यक्तीची कला जेवढी, तेवढीच ती समाजाची सवय आहे. शिक्षक शिकवायला शिकतो तो पदविका घेताना थोडा, आणि स्वतः विद्यार्थी म्हणून बाकावर बसून काढलेल्या वर्षांत पुष्कळ. ही सवय अंगात इतकी मुरलेली असते, की ती सवय आहे हेच लक्षात येत नाही.

पुस्तकातला एक प्रसंग याची साक्ष देतो. संशोधक मिळून एका अमेरिकी तासाची चित्रफीत पाहत होते. मधेच वर्गातला ध्वनिक्षेपक वाजला आणि कुठल्याशा बसनं जाणाऱ्या मुलांसाठी सूचना झाली. अमेरिकी संशोधकांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. जपानी सहकारी मात्र थक्क झाले: चालू तासात कोणी असा व्यत्यय कसा आणू शकतो? मग मोजणी झाली. जपानी तासांत बाहेरून आलेला व्यत्यय सापडला नाही. अमेरिकी तासांत तो सर्रास होता. ज्या तासात एकच प्रश्न हळूहळू उलगडत जातो, तिथं मधे आलेली नोटीस सगळा धागा तोडते. पण तास म्हणजे सुट्या उदाहरणांची माळ असेल, तर एखादी नोटीस येऊन गेल्यानं काय बिघडतं?

फळ्याचंही तसंच. अमेरिकी शिक्षकांची पसंती ओव्हरहेड प्रोजेक्टरला होती. एक पारदर्शिका गेली, दुसरी आली. मुलांची नजर आत्ताच्या मुद्द्यावर खिळवायला ते बरं. जपानी शिक्षक फळा वापरत आणि तास संपेपर्यंत सहसा पुसत नसत. डावीकडे प्रश्न, मधे मुलांच्या निरनिराळ्या रीती, उजवीकडे निष्कर्ष. मागे राहिलेल्या मुलाला मान वर करून आधीचं पाहता येतं, दोन रीती शेजारी-शेजारी ताडून बघता येतात. या फळा-आखणीला जपानी शिक्षकांच्या बोलण्यात 'बान्शो' असं नाव आहे आणि पाठाच्या तयारीत तिचा वेगळा विचार होतो.

मग सगळ्यांनी जपानी व्हायचं का?

असा निष्कर्ष काढायला पुष्कळ जण टपलेले होते. १९९९ च्या दुसऱ्या चित्रफीत-अभ्यासानं त्यांना थोपवलं. ऑस्ट्रेलिया, चेक प्रजासत्ताक, हाँगकाँग, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड आणि अमेरिका या सहा ठिकाणचे नवे तास आणि जपानचे आधीचे, असे मिळून ६३८ तास तपासले गेले. अमेरिका सोडली तर बाकीचे सगळे गणितात चांगले गुण मिळवणारे. या सगळ्यांची शिकवण्याची रीत एकच निघाली का? मुळीच नाही. स्वतंत्रपणे मांडलेल्या एका प्रश्नाला जपानी वर्ग सरासरी १५ मिनिटं देत होता, बाकीचे २ ते ५ मिनिटं. हाँगकाँगचे शिक्षक तर बोलण्यात सर्वांच्या पुढे: मुलांच्या एका शब्दामागे शिक्षकांचे १६. तरीही १९९९ च्या 'टिम्स'मध्ये हाँगकाँग ५८२ आणि जपान ५७९, म्हणजे जवळपास बरोबरीत.

मग साम्य कशात होतं? संशोधकांनी प्रश्नांचे दोन ढोबळ प्रकार केले. काही प्रश्न नुसती रीत वापरून सुटणारे. काही कल्पनांचे परस्परसंबंध शोधायला लावणारे. अमेरिकी तासांत १७ टक्के प्रश्न या दुसऱ्या प्रकारचे होते, हाँगकाँगमध्ये १३ टक्के. म्हणजे कागदावर अमेरिका थोडी पुढेच होती. त्यानंतर त्या प्रश्नांचं वर्गात काय झालं, हे पाहिलं गेलं. हाँगकाँगमध्ये अशा प्रश्नांपैकी ४६ टक्के, जपानमध्ये ४८ आणि चेक वर्गांत ५२ टक्के प्रश्न शेवटपर्यंत संबंधांचेच राहिले. अमेरिकेत जवळजवळ शून्य. बहुभुजाकृतीच्या कोनांची बेरीज तिच्या बाजूंच्या संख्येशी कशी जोडलेली आहे, असा प्रश्न समजा फळ्यावर आला. मुलं जरा अडखळली की शिक्षक म्हणणार, 'बाजूंतून दोन वजा करा आणि १८० नं गुणा.' झाला प्रश्न, सुटलं उत्तर, आणि विचार करण्याची जागा गेली.

या सगळ्या अभ्यासांतलं माझ्या मते सर्वांत मोलाचं निरीक्षण हेच. नवं पुस्तक आणा, कृतिपत्रिका बदला, प्रश्न उच्च दर्जाचे करा. वर्गातली सवय त्यांना आपल्या साच्यात बसवून घेते. न्यूयॉर्क विद्यापीठाचे ॲलन सीगल यांनी जपानी चित्रफिती पुन्हा बारकाईनं तपासून आणखी एक इशारा दिला होता. जपानी शिक्षक मुलांना मोकळं सोडून देतात आणि मुलं आपोआप शोध लावतात, ही समजूत खोटी आहे. बांधाचाच तास पाहा. समांतर रेषांची उजळणी आधी झाली होती, सूचनापत्रं तयार होती, शिक्षकांचा प्रत्येक प्रश्न ठरलेला होता. मोकळीक होती ती बेतलेल्या वाटेवरची.

पावणेदोन भागिले अर्धा

वाट बेतायची तर ती आधी स्वतःला माहीत हवी. १९९९ मध्येच लिपिंग मा यांचं प्राथमिक गणिताच्या शिक्षकांवरचं पुस्तक आलं. मा चीनमध्ये शिक्षिका होत्या, पुढे अमेरिकेत संशोधक झाल्या. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांच्या मुलाखतींची तुलना केली. चिनी शिक्षकांपैकी बहुतेकांचं शिक्षण शाळा आणि अध्यापक विद्यालय मिळून ११-१२ वर्षांचं. अमेरिकी शिक्षक पदवीधर.

त्यांच्या चार प्रश्नांपैकी एक असा: पावणेदोन भागिले अर्धा हे करून दाखवा, आणि मुलांना समजेल अशी एक गोष्ट त्यावर रचा. उत्तर साडेतीन. चीनमधल्या सगळ्या ७२ शिक्षकांनी गणित बरोबर सोडवलं. अमेरिकेत ज्यांनी हा प्रश्न घेतला त्या २१ पैकी नऊ जणांचं उत्तर पूर्ण बरोबर आलं. गोष्ट रचताना तर आणखी पंचाईत झाली. अनेकांनी सांगितलेली गोष्ट होती दोघांत निम्मं-निम्मं वाटण्याची, पण ते झालं भागिले दोन. भागिले अर्धा म्हणजे पावणेदोन लिटर दुधातून अर्ध्या लिटरच्या पिशव्या किती भरतील? तीन पिशव्या आणि वर अर्धी. चिनी शिक्षकांपैकी ९० टक्के जणांना अशी किमान एक गोष्ट नीट सांगता आली.

पदवी कमी आणि समज जास्त, हे कसं काय? मा यांचं उत्तर असं, की चिनी शिक्षक नोकरीत असताना गणित शिकत राहतात. ते पाठ्यपुस्तकाचा कसून अभ्यास करतात, गणिताचे शिक्षक एका खोलीत बसतात, एकमेकांचे तास पाहतात, 'अमुक मुलानं आज असं का केलं' यावर बोलतात. 'उलटा करून गुणा' हा नियम त्यांना पाठ असतोच. तो का चालतो, हेही रोजच्या बोलण्यातून पक्कं झालेलं असतं.

पाठावर टीका, शिक्षकावर नव्हे

जपानमध्ये याच कामाला बांधीव रूप आहे. 'ज्युग्यो केन्क्यू', म्हणजे पाठाचा अभ्यास. शंभराहून अधिक वर्षांची ही परंपरा प्राथमिक शाळांत चांगली रुजलेली आहे. शाळेतले काही शिक्षक मिळून एक पाठ निवडतात आणि त्यावर आठवडेच्या आठवडे काम करतात. पहिलीची वजाबाकी घ्या. दहाच्या पुढच्या संख्येतून एक अंकी संख्या वजा करायची आहे. पहिलं उदाहरण कोणतं द्यावं, १२ वजा ३ की १३ वजा ९? वरवर पाहता काही फरक नाही. पण १२ वजा ३ मध्ये मूल आधी २ काढून दहावर येईल आणि मग आणखी १ काढेल. १३ वजा ९ मध्ये त्याला दहातून ९ काढून उरलेला १ आणि ३ मिळवणं सोपं वाटेल. म्हणजे कोणता आकडा दिला यावर मुलाच्या डोक्यात कोणती रीत उगवणार हे ठरतं. जपानी शिक्षक अशा निवडीवर तासन्‌तास वाद घालतात.

मग त्यांतला एक जण तो पाठ खऱ्या वर्गात घेतो. बाकीचे हातात टिपणवही घेऊन मुलांच्या बाकांजवळ उभे राहतात आणि कोण कुठं अडलं, कोणी कोणती रीत काढली, ते टिपतात. त्यानंतर बैठक होते. पाठ दुरुस्त होतो, दुसरा शिक्षक दुसऱ्या वर्गात तो घेतो, पुन्हा बैठक. शेवटी लेखी अहवाल, जो इतर शाळांनाही वाचायला मिळतो. चर्चेत पाठाची चिकित्सा होते. शिकवणाऱ्याची उलटतपासणी होत नाही. पाठ सगळ्यांनी मिळून रचलेला असल्यामुळे चूकही सगळ्यांची असते.

ही रीत पुढे अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर अशी अनेक देशांत गेली. सगळीकडे फळली असं नाही. इंग्लंडमध्ये एज्युकेशन एन्डाउमेन्ट फाउंडेशननं तिची मोठी चाचणी घेतली. २०१७ च्या अहवालात मुलांचे गुण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. यात आश्चर्य नाही. सवय बदलायची रीतही सवयीसारखीच वर्षानुवर्षं मुरावी लागते. दोन वर्षांच्या प्रकल्पात तिचा सांगाडा तेवढा येतो.

क्रमवारीची यात्रा

या काळात जगाचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. २००० पासून ओईसीडी या संघटनेची १५ वर्षांच्या मुलांसाठीची 'पिझा' चाचणी सुरू झाली. पहिल्याच फेरीत वाचनात फिनलंड पहिला आला, जर्मनी सरासरीच्याही खाली गेला आणि जर्मन वर्तमानपत्रांना 'पिझा-धक्का' हा शब्द मिळाला. जगभरातली शिष्टमंडळं हेलसिंकीला जाऊ लागली. परत येऊन कोणी म्हणे गृहपाठ कमी म्हणून, कोणी म्हणे परीक्षा नाहीत म्हणून. २००६ मध्ये गणितात फिनलंडचे ५४८ गुण होते. २०२२ मध्ये ४८४. ओईसीडीची सरासरी ४७२ होती, त्यामुळे फिनलंड तेव्हाही तिच्या वरच होता. पण गृहपाठाचे ते सिद्धांत आता फारसे ऐकू येत नाहीत. २००९ मध्ये शांघाय पहिलं आलं आणि यात्रा तिकडे वळली. शांघायमध्ये कामाला आलेल्या बाहेरगावच्या कुटुंबांतली पुष्कळ मुलं नोंदणीच्या नियमांमुळे उच्च माध्यमिक शिक्षणासाठी गावी परततात. मग शहराच्या सरासरीत ती किती धरली गेली, हा प्रश्न मागाहून उपस्थित झाला.

भारताची गोष्ट आणखी आटोपशीर. २००९ च्या फेरीच्या वाढीव टप्प्यात तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले. गणितात तामिळनाडूला ३५१, हिमाचलला ३३८. ओईसीडीची सरासरी ४९६ आणि शांघायचे ६००. एकूण ७४ सहभागींत या दोघांच्या खाली फक्त किर्गिझस्तान होतं. प्रश्न भारतीय मुलांच्या परिसराला धरून नव्हते, अशी तक्रार सरकारनं केली आणि भारत पुढच्या फेऱ्यांतून बाहेर राहिला. २०१९ मध्ये पुन्हा करार झाला; चंदीगड, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयं उतरणार होती. कोविडमुळे चाचणी २०२२ पर्यंत लांबली आणि शेवटी भारत तिच्यात उतरलाच नाही.

क्रमांकापेक्षा बोलकं चित्र दुसऱ्या एका अभ्यासात आहे. जिष्णू दास आणि ट्रिस्टन झायॉन्क यांनी 'टिम्स'चे खुले केलेले प्रश्न राजस्थान आणि ओडिशातल्या नववीच्या मुलांना दिले. ५१ देशांच्या तुलनेत ही दोन राज्यं ४३ देशांच्या खाली होती. पण त्याहून महत्त्वाची होती ती मुला-मुलांमधली दरी. तिच्यापेक्षा मोठी दरी फक्त दक्षिण आफ्रिकेत होती. या दोन राज्यांना भारताचं प्रातिनिधिक मानलं, तर अमेरिकेतल्या दर दहा अव्वल मुलांमागे भारतात चार, आणि तिथल्या दर दहा तळाच्या मुलांमागे इथं दोनशे. ऑलिम्पियाडची पदकं आणि नापासांची रांग, दोन्ही एकाच देशात कशी, याचं उत्तर सरासरीत मिळत नाही. ते या दरीत आहे.

आपल्या हातात काय आहे

मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून 'असर' सर्वेक्षण निघतं. पाचवीच्या किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, भागाकार कितींना जमतो, हे त्यामुळे गावागावांत कळू लागलं. मुलांना काय येत नाही, हे आता आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या सामान्य शाळेत भागाकाराचा तास नेमका कसा चालतो, किती मिनिटं विचार होतो आणि किती उतरवून घेणं, अडलेल्या प्रश्नाचं पुढे काय होतं, याकडे मात्र आपण क्वचितच पाहतो.

एकमेकांचा पाठ पाहणं आपल्याकडे अगदीच नवं नाही. डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकानं पाठ टाचण काढून सराव पाठ दिलेले असतात. पण तिथं मागच्या बाकावरचं निरीक्षण शिकवणाऱ्याचं असतं: आवाज लहान, फळ्याकडे तोंड फार वेळ, साहित्य वेळेवर दाखवलं नाही. मुलानं वहीत काय केलं, ही नोंद अभावानंच. नोकरी लागल्यावर तर तेवढंही संपतं आणि वर्गाचं दार बंद होतं. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेच्या निमित्तानं एकत्र येतात, तिथं परिपत्रकं आणि माहितीचे तक्ते यांतच बराच वेळ जातो.

त्याच परिषदेत एका वर्षासाठी एकच पाठ घ्यायला काय हरकत आहे? तिसरीची हातच्याची वजाबाकी किंवा पाचवीचे अपूर्णांक. पहिलं उदाहरण कोणतं, मुलं काय-काय चुका करतील, फळ्यावर काय कुठं लिहायचं, हे दहा जणांनी मिळून ठरवावं. एकानं तो पाठ घ्यावा, नऊ जणांनी मुलांच्या वह्या पाहाव्यात, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेत दुरुस्त पाठ व्हावा. याला परदेश दौरा लागत नाही, वेगळं अनुदान लागत नाही. वर्गाचं दार उघडं ठेवायची तयारी लागते, आणि सहकाऱ्याच्या चुकीवर तक्रार न करण्याचा शब्द लागतो. पुढची आंतरराष्ट्रीय यादी जाहीर होईल तेव्हा भारताचं नाव तिच्यात असो वा नसो. आपल्या केंद्रात यंदा कोणता पाठ सुधारला, हे सांगता येणं त्याहून मोठं आहे.